तळ्याची नवी हद्द

फार वर्षांपूर्वी एका तळ्याच्या दोन काठांवरून एकेक पंच निवडला जाई. पुढे पूर्वेचं पाणी आटलं आणि बदकं पश्चिमेला राहायला गेली. पूर्वेला सात पक्षी उरले, पश्चिमेला त्र्याहत्तर झाले. तरी घरटी कुठे बांधायची, यावर सातांचा पंच त्र्याहत्तरांना अडवू लागला.

“बगळेदादा, हद्द सरकवू या,” टिटवी त्या पंचाला म्हणाली.

पंचपद जाईल या धास्तीने बगळा म्हणाला, “ती आजोबांनी आखलीय.”

“आजोबांनी डोकी मोजूनच आखली होती. आपणही मोजू.”

मोजणी झाली. नवी हद्द पश्चिमेच्या लव्हाळ्यातून गेली आणि दोन्हीकडे चाळीस-चाळीस पक्षी आले. बगळ्याचं पंचपद राहिलं. मात्र दुसऱ्या सकाळी तेहतीस बदकं गाऱ्हाणी घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. एका पायावर डुलकी काढणाऱ्या बगळ्याला दुसराही पाय खाली टेकावा लागला.