सकवारीच्या डाव्या मुठीचं पाणी

डावा हात खोटा, असं ज्या कोणी पहिल्यांदा ठरवलं, त्याने डावखुऱ्या माणसाच्या हातात त्याच्या बेताचा कोयता कधी देऊनच पाहिला नाही! दिला असता, तर कातळवाडीच्या झऱ्यावर भागोजी गुरवाला ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत बसावं लागलं नसतं.

झऱ्याच्या कपारीवर दगडात एक कोयता कोरलेला आहे. त्याच्या मुठीचा बाक उलटा आहे. भागोजी त्यावर बोट ठेवतो आणि सुरू करतो.

फार पूर्वी वाडीत सकवार नावाची सून होती म्हणे. डावखुरी. डाव्या हाताने वाढायला घेतलं की सासू पळी हिसकावून घेई. उजव्याने वाढलं की आमटी सांडे. कोयत्याची मूठ उजव्या हातासाठी घडवलेली. ती डाव्या हातात फिरे आणि बोट कापे. ‘देवीच बोटं छाटतेय,’ बायका म्हणत. सकवारीला ते पटत नसे. देवीला दुसरी कामं नाहीत का?

एका उन्हाळ्यात झरा बंद झाला. कपारीत खोलवर वडाचं मूळ पाणी अडवून बसलं होतं. कपार अशी तिरकी, की डावा खांदाच तेवढा आत शिरे. वाडीतल्या बाप्यांनी डाव्या हाताने घाव घालून पाहिले. एक नेमका बसेल तर शपथ! शेवटी वाडी सोडायची म्हणून गाठोडी बांधली गेली. देवीची शिळाही उचलायचं ठरलं.

सकवार धावतच रायाजी लोहाराकडे गेली.

“मामा, मला उलट्या बाकाची मूठ हवी.”

“उलटी मूठ? भट्टी रुसेल माझी!”

“भट्टीला तहान लागत नाही मामा, तुमच्या पोरांना लागते!”

 रायाजीने मेणाचा गोळा पुढे केला. “दाब.”

तिने डाव्या मुठीत दाबला. त्या ठशाबरहुकूम त्याने मूठ घडवली, पात्यालाही दुसऱ्या अंगाने धार लावली. सकवार देवीला नवस बोलली, ‘या हाताने पाणी आलं, तर इथला पहिला घोट सगळ्यांनी याच हाताने प्यायचा.’

खांद्यापर्यंत आत शिरून तिने घाव घातला. कोयता फिरला नाही! दुसरा घाव, तिसरा, आणि मूळ तुटून पाणी असं उसळलं, की सकवार पाठीवर आपटली, असं सांगतात. लोक गाठोडी टाकून धावले. सासूने उजवा हात पुढे केला, थबकली, आणि तो पाठीमागे घेऊन डावा धरला.

आजही इथे पहिला घोट डाव्या हातानेच घेतात. परवा शहरातून आलेल्या एका पाहुणीचं सगळं पाणी कोपरावरून ओघळलं. ती ओशाळली. शेजारी घागर भरत बसलेली भागोजीची बायको हसून म्हणाली, “सांडू दे गं बाई. सकवारीची आमटी रोज सांडायची.”