दोन बोटं रीळ

"मग वीस वर्षं मी ज्याच्यावर जीव टाकला, ते गाणं नव्हतंच का, मास्तर?"

दस्तगीर मास्तर बेंजोच्या तारा लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"च्या घेतलास का?"

"मास्तर, मी काहीतरी विचारतोय."

"आन् मीबी."

कराडात मास्तरांची वाद्यदुरुस्तीची खोली आहे. मी माझ्या पेटीचा फाटका भाता घेऊन तिथं बसलो होतो, म्हणून हे सगळं कानावर पडलं. विचारणारा सारंग तांबवेकर. दहाव्या वर्षापासून सहा वर्षं तो मास्तरांकडे बेंजो शिकला. मग पुण्याला गेला, नोकरीला लागला आणि सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवर संगीत करू लागला. पोरगा हुशार. आपण हुशार आहोत हे त्याला जरा लवकर कळलं, एवढंच.

गाणं जपानी होतं. त्याच्या आत्याचे यजमान कंपनीतर्फे जपानला गेले होते, येताना एक कॅसेट घेऊन आले. तिच्यात हे जुनं गाणं. सगळी वाद्यं विजेची, ठेका यंत्राचा, गाणारीचा आवाजसुद्धा यंत्रातून काढलेला. शब्द एक कळत नव्हता. तरी बारा वर्षांच्या सारंगला त्या गाण्यानं जे झपाटलं ते कायमचं.

आता तीन वर्षं खपून त्यानं ते गाणं स्वतः नव्यानं वाजवून काढलं होतं. एकेक आवाज जुळवला होता. इंटरनेटवर मूळ गाणं आयतं मिळत होतं, पण ते त्यानं ऐकलं नाही. आपल्याकडे अस्सल कॅसेट आहे, असं तो चारचौघांत मान ताठ करून सांगायचा.

"शनिवारी वाजवायचं होतं," सारंग म्हणाला. "आमच्या जपानीच्या वर्गाचं संमेलन आहे. शिकवणाऱ्या नाकागावा बाईंनी तालमीत ऐकलं. फार छान म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, तिसऱ्या कडव्याआधी थोडं कमी आहे का?"

"हुतं का कमी?"

"घरी जाऊन पहिल्यांदा मूळ गाणं लावलं. दीड मात्रा, मास्तर. माझ्या कॅसेटमध्ये दीड मात्रा नाहीच. रीळ गुंतलं असणार. कुणीतरी अडाण्यानं तेवढं कापून उरलेलं जोडून टाकलं."

"मग घाल की दीड मात्रा."

"घातली. आता अगदी बरोबर आहे."

"मग झालं."

"नाही ना झालं..." सारंग स्टुलावरून उठला आणि परत बसला. "ती कापलेली जागाच मला सगळ्यात आवडायची."

मास्तरांनी तार सोडली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"तिथं आलं की पोटात खड्डा पडायचा. जिना उतरताना पायरी हुकावी तसा. आणि पुढची ओळ एकदम अंगावर यायची. त्या एका जागेसाठी मी गाणं पुन्हा पुन्हा लावायचो. आणि ती जागा गाण्यात नाहीच, मास्तर."

"मग आता?"

"नाही वाजवत. बाईंना तसं कळवून टाकतो. बरोबर वाजवलं की मला काही होत नाही. चुकीचं वाजवायची लाज वाटते. हे गाणंच आता सोडतो."

"सोडायचं ठरलंय, तर पुण्यासनं हितवर कशाला आलास?"

सारंगनं स्टूल पुढं ओढलं.

"तुम्ही सोड म्हणालात, की सुटेल असं वाटलं..."

मास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ऐकव."

सारंगनं लॅपटॉप उघडला. आधी कापलेलं ऐकवलं, मग बरोबर केलेलं. मला दोन्ही सारखीच वाटली. हे माझ्या कानांबद्दल, गाण्याबद्दल नव्हे. चाल मात्र गोड होती, आणि जरा एकटी एकटी. मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

"पुन्यांदा."

पुन्हा ऐकलं. मग आणखी एकदा.

"मिटव ते आता," म्हणत त्यांनी बेंजो पुढ्यात ओढला.

सारंगला तेवढ्यात शहाणपण सुचलं. "मास्तर, हा आपला बटणांचा बेंजोसुद्धा मूळचा जपानचाच. तिकडं याला निराळं नाव आहे. तिकडचा आवाज वेगळा, वाजवायची रीत वेगळी. आपल्याकडं आल्यावर सगळं बदललं."

"आसंल. माझ्या बापाला न्हवतं म्हाईत. बापडा नुस्ता वाजवायचा."

सारंगनं खाली पाहिलं.

"त्या खोक्यावर ठेका धर. मी वाजवतो. बरोबरचं वाजवणार हाय, कापल्यालं न्हाई."

सारंगनं लाकडी खोका पुढं घेतला. मास्तरांनी सुरू केलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, तीन वेळा ऐकलेलं परमुलखातलं गाणं, आणि बोटं अशी पडत होती की मी माझा भाता विसरलो.

तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी सारंगचा हात दीड मात्रा आधी पडला. मास्तर क्षणात त्याच्याबरोबर पुढं गेले. मला काही कळलं नाही, सारंगच्या तोंडावरून कळलं.

"चुकलो. पण तुम्ही का उडी मारलीत? तुम्ही बरोबर होता."

"ठेका तुझ्याकडं हुता."

"पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. पुन्हा हात तिथंच आधी पडला आणि पुन्हा मास्तर त्याच्याबरोबर गेले.

"सवय आहे," सारंग चिडून म्हणाला. "जाईल. आणखी एकदा."

तिसऱ्या वेळी त्यानं दात आवळले. ओठ हलत होते, तो मात्रा मोजत होता. जागा आली. हात बरोबर जिथं पडायला हवा तिथंच पडला. मास्तर वाजवत वाजवत शेवटापर्यंत गेले.

"आलं!" सारंगनं खोक्यावर थाप मारली. "बघा, आलं की नाही?"

"आलं. त्याच्या फुडं मी काय वाजवलं?"

"तिसरं कडवं."

"कसं वाजवलं?"

"...चांगलं वाजवलंत."

"तिसऱ्या कडव्याच्या जागी मी हळदीचं गाणं वाजवलं."

सारंगनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला केव्हाचं हसू आवरत नव्हतं. जपानी गाण्यातून मास्तर सरळ लग्नाच्या मांडवात शिरले होते, आणि शिष्य तोंड आवळून ठेका धरून बसला होता.

सारंग हसला नाही. त्याचा चेहरा उतरला.

"मी मोजत होतो..."

"व्हय."

मास्तरांनी बेंजो बाजूला ठेवला.

"ते रीळ जोडलं कुणी?" मास्तरांनी विचारलं.

"सांगितलं ना, कुणीतरी अडाण्यानं..."

"कुणी?"

सारंग आपल्या हातांकडे बघत राहिला.

"मीच."

मास्तरांनी सांग म्हणून मान हलवली.

"कॅसेट घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. टेपनं रीळ खाल्लं. दोन बोटं रीळ पार चुरगळलं होतं. ते कात्रीनं कापलं आणि सेलोटेप लावला. जोडलं तेव्हा वाटलं, काही गेलं नाही. गाणं धड ऐकून झालंच नव्हतं, कळणार कुठून?"

"घरात कुणी बोललं न्हाई, टाकून दे म्हणून?"

"सगळेच म्हणाले. आई म्हणाली, नव्या दोन आणू."

"मग का न्हाई टाकलीस?"

"नवी आणून काय उपयोग? त्यात हे गाणं नसणार." सारंगचा आवाज जरा हलला. "मला पुढचं ऐकायचं होतं, मास्तर. पुढं काय आहे तेच मला माहीत नव्हतं."

"किती येळ लागला जोडायला?"

"दुपार गेली. शाळा बुडवली. सेलोटेप सारखा बोटालाच चिकटायचा. चारदा जोडलं, चारदा सुटलं. शेवटी पेन्सिलीनं गुंडाळलं आणि लावलं..."

"आन्?"

"वाजलं!"

हे तो असं म्हणाला, की मी आणि मास्तर दोघंही पुढं सरकलो.

"जोड आला. मी श्वास धरून बसलेलो. आता तुटतंय असं वाटलं, तर खाडकन पुढची ओळ! घरात मी एकटाच. कॉटवर चढून नाचलो, मास्तर. कॉटची एक पट्टी मोडली."

तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तरांनी शांतपणे टोपी डोक्यावर ठेवली.

"बरोबरचं वाजवताना नाचलास का कधी?"

"नाही."

"कापल्यालं वाजवताना? तीन वर्सात?"

सारंगनं खोका मागं सरकवला.

"...नाही. तेव्हाही आवाजच जुळवत होतो."

मास्तरांनी माझा भाता उचलला, उजेडात धरला, फट पाहिली आणि चामड्याचा तुकडा शोधायला लागले.

थोड्या वेळानं सारंगनं लॅपटॉप पिशवीत भरला. दारापर्यंत गेला आणि परत वळला. गुंता सुटला नव्हता, पण येताना होतं ते ओझं चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

"मास्तर, वाजवतो मी. कळवत नाही बाईंना. पण एवढं सांगा. दीड मात्रा घालून वाजवू, की कापलेलं? शनिवारी बाई पुढच्या खुर्चीत बसणार. त्यांचं तरुणपणचं गाणं आहे ते. मी कुठलं घेऊन जाऊ?"

मास्तरांनी चामड्याला सरस लावला. भात्यावर बसवून अंगठ्यानं दाबून धरला.

"शनिवारी तू नगं जाऊस," ते म्हणाले. "कॉटवर नाचणाऱ्या त्या पोराला धाड."