चुकवलेलं भोक

इंग्लंडात घरं खिळ्यांवाचून उभी राहत, तेव्हाची गोष्ट. टोबायस सुतार ओकच्या ओल्या लाकडाचं शेतघर बांधत होता. खांबात तुळईचं टोक घालून तो लाकडी खुंटी ठोकायला गेला, तशी खुंटीच ओरडली, "थांबा काका! खांबाचं भोक इथं आणि तुळईचं नखभर मागे. माप चुकलंय तुमचं!"

"चुकलं नाही, पोरी," म्हणत त्यानं हातोडा घातला. खुंटी कमरेत वाकली ती वाकलीच. "म्हाताऱ्याला दिसत नाही, आणि भोगायचं मी!" ती वर्षभर करवादत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात लाकूड वाळलं. आकसलेली तुळई खांबातून मागे सरू लागली. "मी सुटले गं!" तुळई किंचाळली. खाली पाळण्यात घरधनिणीचं तान्हं झोपलेलं. पण खुंटीची वाकलेली कमर सरळ व्हायला धडपडत होती आणि त्याच ओढीनं तुळई पुन्हा खांबाला घट्ट भिडली.

टोबायसनं येऊन सांध्यात नख घालून पाहिलं. नख जाईना.

"चुकलं नव्हतं, पोरी. चुकवलं होतं."

खुंटीनं हुश्श केलं. कमर मात्र तिनं जराही सैल सोडली नाही.