मल्लाप्पाचा पहिला दिवस

“...तर मग चुकलं कुणाचं, वस्ताद? एवढंच सांगा. दुसरं काही विचारायला आलो नाही मी.”

बाबालाल वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांना आता अंधुकच दिसायचं. समोरच्या कुस्तीच्या हौदातली तांबडी माती बरेच दिवस कुणी उकरली नव्हती. ती दगडासारखी घट्ट झाली होती.

विचारणारा इंद्रजित सरनोबत एकेकाळी याच मातीत कुस्ती शिकला होता. पुढं त्यानं गावाबाहेर फौंड्री काढली, लोखंड वितळवून ओतकाम करणारा कारखाना. कारखाना वाढला, इंद्रजितचं नाव झालं. दसऱ्याला तो वस्तादांच्या पाया पडायला यायचा आणि उभ्या उभ्याच निघून जायचा.

आज दसरा नव्हता. आणि तो बसला होता.

“माणूस मी स्वतः निवडला होता,” तो म्हणाला. “फाटकावर ही गर्दी. एकेकाला पारखून घेतला. ताकद बघितली, नजर बघितली, आडवेतिडवे प्रश्न विचारले. सगळ्यांत हा उजवा. मल्लाप्पा नाव. जत तालुक्यातला, पार कर्नाटकाच्या हद्दीजवळचा. निवडीत खोट नव्हती, वस्ताद.”

“मग?”

“पहिल्याच दिवशी गेला.”

“कुठं गेला?”

“...मेला.”

“कसा?”

इंद्रजितनं हे पोलिसांना सांगितलं होतं, सरकारी निरीक्षकाला सांगितलं होतं. शब्द आता पाठ केल्यासारखे बाहेर पडले.

“वितळलेलं लोखंड घ्यायचं एक भांडं असतं. त्याला आतून माती लिंपतात. ती माती जाळावर धरून कडकडीत वाळवावी लागते. जरा ओल राहिली आणि वरून रस पडला, की वाफ होते आणि सगळं अंगावर उसळतं. त्याच्या हातात ओलं भांडं गेलं. त्यानं ते भट्टीच्या तोंडाखाली धरलं.”

“त्याला ठावं नव्हतं?”

“नाही.”

“बाकीच्यांस्नी?”

“सगळ्यांना ठाऊक. आमच्याकडं झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं ते.”

“आन् त्याला कुणी सांगितलं न्हाई.”

“ऑफिसला वाटलं, फोरमन सांगेल. फोरमनला वाटलं, ऑफिसनं सांगितलं असेल. शेजारी काम करणाऱ्यांना वाटलं...”

“काय वाटलं?”

“मालकानं स्वतः पारखून आणलेला माणूस. त्याला आपण काय सांगायचं?”

वस्तादांनी मान वर केली. “असं म्हणाली पोरं?”

“असंच म्हणाली.”

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला.

मग इंद्रजित सावरून बसला. “मी ठरवलंय, वस्ताद. आता निवड आणखी कडक करायची. परीक्षाच घ्यायची. ज्याला आधीपासून सगळं येतं, त्यालाच आत घ्यायचं. असा नवखा माणूस पुन्हा नको.”

“नवखा त्यो न्हवता,” वस्ताद म्हणाले.

“म्हणजे?”

“तुम्ही समदी त्याला नवखी हुतासा.”

इंद्रजितला ते रुचलं नाही. म्हाताऱ्याला कोड्यात बोलायची सवय होतीच. त्यानं घड्याळाकडं पाहिलं.

“त्याच्या घरी गेलतास?”

“माणूस पाठवला होता. जे करायचं ते सगळं केलं. कुठं कमी पडू दिलं नाही.”

“मी काय इचारलं?”

“...नाही गेलो.”

“जा. एकटा जा. आन् मालक हाय म्हणून सांगू नगंस.”

“पण माझ्या प्रश्नाचं...”

वस्ताद उठले होते. भिंत चाचपत ते आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

इंद्रजित निघाला तो रागातच. ड्रायव्हरला त्यानं सोबत घेतलं नाही. जतच्या पुढं रस्ता अरुंद झाला, मग कच्चा झाला. दोन्ही बाजूंना उघडा माळ, मधेच एखादी बाभळ. दुकानांच्या पाट्यांवर कानडी अक्षरं दिसू लागली. शेवटी शेवटी त्याला एकही पाटी वाचता येईना.

मल्लाप्पाचं घर विचारावं लागलं नाही. एकाच घरापुढं माणसं बसली होती.

तो गाडीतून उतरला. कुणी उठलं नाही. कुणी बसा म्हणालं नाही.

त्यानं उंबऱ्याशी चपला काढल्या. मग दिसलं, बाकीच्यांच्या चपला पार लांब, लिंबाखाली आहेत. त्यानं आपल्या उचलल्या आणि तिकडं नेऊन ठेवल्या. सगळे बघत होते. परत येऊन तो एका घोंगडीच्या कडेला टेकला, तर कुणीतरी कानडीत काही बोललं. आपल्याला की दुसऱ्या कुणाला, ते कळेना. तो अर्धवट उठला. पुन्हा बसला.

कारखान्यात तो आला की माणसं बाजूला सरायची. इथं हात कुठं ठेवावेत, ते त्याला समजेना. कोपऱ्यातला म्हातारा मल्लाप्पाचा बाप असावा. पण मग त्याच्या शेजारचा कोण? आधी हात कुणाला जोडायचे? घसा कोरडा पडला होता. माठ समोरच दिसत होता, पण पाणी मागायला तोंड उघडेना. मागायचं कुणाकडं आणि कुठल्या भाषेत?

मग आतून एक बाई आली. अंगानं काटकुळी, डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. ती त्याच्यापाशी येऊन थांबली.

“बर्री,” ती म्हणाली. या, म्हणाली असावी.

तिनं तांब्यातून पाणी दिलं आणि तो पिऊन संपवेपर्यंत ती उभी राहिली. ऊसतोडीला कोल्हापूरकडं जाऊन जाऊन तिला मोडकं मराठी येत होतं. त्याच्याजवळ बसून ती एकेकाकडं हात करू लागली.

“ते त्याचा बाप. ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला. तिकडं बसलं ते काका. आणि ते धाकटा. त्या दिवसापासून बोलत नाही. त्याला काही विचारू नका.”

“आणि तुम्ही?” इंद्रजितनं विचारलं.

“मी आई.”

त्यानं हात जोडले. ते खाली घ्यायचं त्याला सुचेना.

“त्याच्या कामावरचे काय तुम्ही?” तिनं विचारलं.

“हो.”

ती मातीवर बोटानं रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, “एक विचारते. तिथं दुपारी कुणासंगं जेवला तो?”

इंद्रजितच्या डोळ्यांपुढं ती दुपार उभी राहिली. त्याची गाडी फाटकातून आत येत होती. मल्लाप्पा भिंतीला टेकून एकटाच बसला होता, मांडीवर फडकं, फडक्यात भाकरी. बाकीचे लांब शेडमध्ये घोळक्यानं जेवत होते, एकमेकांच्या डब्यात हात घालत. इंद्रजितनं त्याला ओळखलं होतं. आपण निवडलेला माणूस म्हणून त्याला बरंही वाटलं होतं. मिसळेल हळूहळू, असं मनात आलं होतं. त्यानं गाडीची काच खाली केली नव्हती.

बाई वाट बघत होती.

“माझ्यासंगं,” तो म्हणाला.

तिचा चेहरा जरा सैल झाला. “बरं झालं. लाजरा होता हो. पोट भरलं नाही तरी मागत नव्हता. कळलं नाही तरी विचारत नव्हता. लहानपणापासनं तसाच. मला त्याचीच काळजी होती, नव्या जागी कसं होईल...”

थोड्या वेळानं ती उठून आत गेली आणि ताट घेऊन आली. भाकरी आणि शेंगाची चटणी, शेजारच्या घरातून आलेली.

“त्याच्यासंगं जेवला. आता आमच्यासंगं जेवा.”

ती समोर बसून होती. इंद्रजितनं ताट संपवलं.

दिवस मावळताना तो तालमीत पोचला. वस्ताद कट्ट्यावर होते. त्यानं सगळं सांगितलं, चपलांपासून ताटापर्यंत. काहीही गाळलं नाही. सांगता सांगता त्याचा आवाज फुटला. वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

“खोटं बोललो मी, वस्ताद.”

“व्हय.”

“परत जातो. खरं सांगतो तिला.”

“जड कुणाला झालंय? तिला, का तुला?”

“मग फोरमनला काढून टाकतो.”

“काढ. ओलं भांडं वळखणारा एक कमी हुईल.”

इंद्रजित हौदातल्या मातीकडं बघत राहिला. अंधारात तिचा रंग कळेनासा झाला होता.

“उद्या नवा माणूस येतोय,” तो शेवटी म्हणाला. “त्याच जागेवर.”

“इतक्यात?”

“भट्टी थांबवता येत नाही.”

इंद्रजित वस्तादांकडं वळला.

“त्याचं काय करू? परीक्षा घेऊ? कुणाच्या तरी हाताखाली देऊ? पहिलं काय सांगू त्याला?”

“मल्लाप्पा कसा मेला, ते सांग. त्यो जिथं हुता, तिथंच उभा करून सांग. तुझ्या तोंडानं सांग.”

“पहिल्याच दिवशी?”

“कामावर घ्यायच्या आदी.”

“आणि ते ऐकून तो माघारी गेला तर?”

वस्तादांनी काठी शोधली. तिच्यावर भार देत ते सावकाश उठले.

“मग माणूस चांगला निवडलास म्हनायचा.”