समासातला आठवा दोष

एकदा एका वृद्ध आचार्यांनी आपल्या शिष्येला परीक्षक नेमले.

शिष्येचे नाव अंबुजा. दाराची कडी वाजली तरी दचकणारी. आचार्यांची लेखनशाळा वैद्यकाच्या पोथ्या उतरवून देण्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. दरवर्षी परीक्षार्थी एका आदर्श प्रतीवरून नक्कल करीत, आणि शिक्का मिळालेल्या नकला गावोगावच्या वैद्यांकडे रवाना होत. नियमपत्र सरळ होते. सुटलेले अक्षर एक दोष, चुकलेली मात्रा एक दोष, समासात काहीही लिहिले तर एक दोष. सात दोषांपर्यंत शिक्का, आठवा झाला की घरी.

अंबुजेला हे नियमपत्र मनापासून आवडले. त्यात तिला स्वतःहून काहीच ठरवायचे नव्हते. तेरा पोथ्या तिने भराभर तपासल्या; त्यात शाळेचे आश्रयदाते शेटजी यांच्या पुतण्याची पोथी निर्दोष निघाली. चौदावी चिंधीची होती. चिंधी कोष्ट्याची मुलगी. दोनदा नापास झालेली, आणि तिसऱ्यांदा झाली तर शाळेचे दार कायमचे बंद.

अक्षरांचे दोष झाले सात. अंबुजेने सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तेवढ्यात तिला समास दिसला. तापावरच्या चाटणाच्या पाठात वरच्या ओळीत 'सुंठ एक तोळा' होते आणि खालच्या ओळीत 'बचनाग एक तोळा'. आदर्श प्रतीत तसेच होते. चिंधीने शब्द बदलला नव्हता. फक्त त्यावर हंसपद काढले होते, म्हणजे 'इथे थांबा, बाजूला पाहा' असे सांगणारी लेखनिकांची चिमुकली खूण. आणि समासात लिहिले होते, 'बचनाग विष आहे. गुंजभर असावा. वैद्यांना विचारावे.'

अंबुजेने ती ओळ पुन्हा वाचली. पोर बरोबर होती! पण आदर्श प्रत खुद्द आचार्यांच्या हातची. आणि नियमपत्रात तर स्पष्टच होते. तिने आकडा लिहिला: आठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गुणपत्रक आचार्यांपुढे ठेवले.

"पोथ्या कशा आहेत?" आचार्यांनी विचारले.

"शेटजींच्या पुतण्याला शून्य दोष, आचार्य. चिंधीला आठ."

"आकडे मलाही वाचता येतात गं. पोथ्या कशा आहेत?"

आचार्यांनी औषधशाळेतल्या वैद्यबुवांना बोलावले, पुतण्याची निर्दोष पोथी त्यांच्या हाती दिली आणि म्हणाले, "यात लिहिलंय तसंच चाटण वाटून आणा." वैद्यबुवांनी पाठ वाचला, डोळे विस्फारले, पण आचार्यांची मुद्रा पाहून ते मुकाट्याने गेले. चाटण आले. आचार्यांनी वाटी अंबुजेपुढे सरकवली.

"निर्दोष पोथीचं चाटण आहे. घे बोटभर."

अंबुजा ताडकन मागे सरली. "नको, आचार्य! तोळाभर बचनाग आहे त्यात!"

"असेल की. तूच शून्य दोष लिहिलेस."

"पण मला ठाऊक होतं, की..."

"ठाऊक होतं? मग लिहिलं का नाहीस?"

अंबुजेच्या डोळ्यांत पाणी आले. "गुणपत्रकात त्याला रकाना नव्हता, आचार्य."

आचार्यांनी वाटी वैद्यबुवांकडे देऊन चाटण खड्ड्यात पुरायला सांगितले. मग ते शांतपणे म्हणाले, "ती प्रत मीच उतरवली, गेल्या महिन्यात. डोळे थकलेत. वरच्या ओळीतला तोळा खाली घसरला. चौदा जण ती वाचून गेले, पंधरावी तू. एकीनेच मला टोकलं, आणि तिलाच तू घरी धाडते आहेस! अगं, नुसती अक्षरं मोजायची तर दोऱ्याला गाठी मारूनही मोजता येतात. तुला नेमलं ते पाहण्यासाठी. नियम कशासाठी केला ते आधी विचार, त्याच अर्थाने तो सगळ्यांना सारखा लाव, का लावलास ते लिही आणि खाली सही कर. आणि दया दाखवू नकोस हं. तिचे सात दोष ते सातच."

"पण सभेत शेटजी विचारतील."

"विचारू देत. परीक्षक तू आहेस."

अंबुजेने चौदाच्या चौदा पोथ्या पुन्हा उघडल्या.

दुपारी सभा भरली. निकाल ऐकताच शेटजी उठले; चिंधीच्या समासातली ओळ त्यांनी पाहिली होती. नियमपत्र त्यांनीच करवून घेतलेले. "अहो बाई, आठाचे सात कसे झाले? आमच्या दुकानात असा काटा चालला तर गिऱ्हाईक दगड मारेल!"

अंबुजा पोथ्या घेऊन पुढे झाली. "शेटजी, समासात आणखी तिघांनी लिहिलंय. एकाने पोपट काढलाय, एकाने बोरू चालतो का पाहिलंय, एकाने स्वतःचं नाव दोनदा लिहिलंय. तिघांचेही दोष मी तसेच ठेवलेत."

सभेत खसखस पिकली, पण शेटजी हटले नाहीत. "मग हिच्याच अक्षरांना काय सोनं लागलंय?"

"समास कोरा ठेवायचा तो वाचणाऱ्या वैद्याची फसगत होऊ नये म्हणून. या ओळीने फसगत होत नाही शेटजी, टळते. ती नसती तर तापाच्या रोग्याला तोळाभर विष गेलं असतं."

शेटजींनी वैद्यबुवांकडे पाहिले. "खरं का हो?"

"तोळ्याने बैलसुद्धा आडवा होईल."

"पण आदर्श प्रत तर आचार्यांची!"

"माझीच," आचार्य म्हणाले. "चूकही माझीच. ती सुधारूनच सगळ्या पोथ्या रवाना होतील."

शेटजींनी अंबुजेकडे वळून विचारले, "आणि आमचा पुतण्या?"

"पहिला शिक्का त्याचाच. सांगितलं ते त्याने अचूक केलं. फक्त शेरा दिलाय: हात उत्तम, लिहितो ते वाचतो का, हे पुढच्या वर्षी पाहावे."

शेटजी गडगडाटी हसले. "घरीसुद्धा तस्साच आहे हो! मारा शिक्का त्या पोरीला. आणि फसगत टाळणारी ओळ दोष नाही, हे नियमपत्रात आजच्या आज घाला!"

अंगणात चौघडा वाजला. चिंधीच्या पोथीवर शिक्का उमटला तेव्हा तिच्या बापाने पागोटे काढून हवेत उडवले. अंबुजा पायरीवर येऊन उभी राहिली. एवढा चौघडा दणाणत होता, पण ती एकदाही दचकली नाही.

चिंधी धावत आली. "ताई, माझे ते सात दोष दाखवता का?"

"आत्ता? अगं, शिक्का मिळाला की!"

"म्हणून तर. आता माझ्या पोथ्या वैद्यांकडे जाणार."

दोघी पायरीवर टेकल्या. "हा बघ पहिला," अंबुजा म्हणाली, "हा घाईचा. आणि हा दुसरा घाईचा नाही. हे जोडाक्षर तुला अजून येतच नाही."

चिंधीने समजून मान हलवली.

मोजले तर दोन्ही दोष सारखेच. ते वेगळे आहेत हे ओळखायला, एवढ्यासाठीच परीक्षक म्हणून माणूस बसवायचा.