यमुनेचा तांबडा

एका नदीकाठच्या गावात एक विद्यापीठ होते. तिथे एका अंगणात गाणे शिकवत आणि पलीकडच्या अंगणात काढे उकळत. चित्रे काढणारे आणि धातू वितळवणारे एकाच पंगतीला जेवत. त्यामुळे भांडणे पुष्कळ होत, आणि त्या भांडणांतूनच नव्या गोष्टी निघत.

दरवर्षी मृगाच्या आधी तिथे मानाची सभा भरे. ज्या आचार्याला काही नवे सापडले असेल, त्याने ते सभेपुढे मांडायचे. मग एक शंकाकार उठे. खोट शोधणे हेच त्याचे काम. हा शंकाकार कोण असावा, ते मात्र शोध लावणाऱ्यानेच आधी ठरवायचे. शंकाकाराचे समाधान झाले तर त्या शोधाला शोधणाऱ्याचे नाव मिळे.

तिथे यमुना नावाच्या एक आचार्या होत्या. रंगाऱ्याच्या घरातल्या. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला, गोंदाला, त्यांनीच वाढवले. गोंदा शाळेत फारसा टिकला नाही. तापट होता, मनात येईल ते करून मोकळा होई. पण अक्का म्हटले की त्याचा जीव विरघळे.

यमुनाबाईंनी एकच ध्यास घेतला होता. त्या मुलखात चित्रकारांचा तांबडा रंग उन्हात टिकत नसे. घाटावरच्या भिंतीवर देव रंगवावेत, आणि एकदोन उन्हाळ्यांत देवांचे ओठ पांढरे पडावेत. यमुनाबाईंनी मंजिष्ठेच्या मुळ्या तुरटीबरोबर उकळून नवा तांबडा तयार केला. त्याची कसोटी सोपी होती. रंगवलेला कापडी पट चौकटीला ताणायचा, अर्ध्यावर फळी ठोकायची आणि संक्रांतीपासून तो उघड्या अंगणात ठेवायचा. सभेत फळी काढायची. झाकलेला रंग आणि उन्हातला रंग सारखाच निघाला, तर तांबडा पक्का.

शंकाकार म्हणून त्यांनी चित्रशाळेच्या नागेशशास्त्र्यांचे नाव दिले. हे शास्त्री जिभेने फार तिखट. त्यांनी भर पंगतीत म्हटले होते, "बाई, तुमचा तांबडा म्हणजे नव्या नवरीची मेंदी. सण सरला की गेला."

त्या रात्री अक्का जेवली नव्हती. गोंदाने ते मनात धरले. या खवचट म्हाताऱ्याला कशाला नेमलेस, म्हणून तो तिच्याशी भांडला. अक्का हसली. "ऊन काय गोड बोलतं का, गोंद्या? शास्त्रीबुवांपुढं टिकला, तरच उन्हापुढं टिकेल."

होळी झाली आणि यमुनाबाईंना ताप भरला. वैद्यांनी काढे दिले, सगळे केले. पण त्या उठल्या नाहीत.

गोंदाला घर खायला उठले. तो रोज विद्यापीठात येई आणि अक्काच्या अंगणात चौकटीपाशी बसून राही. कुलगुरू दयाळू होते. त्यांनी त्याला हटकले नाही. उलट म्हणाले, की इथेच राहा, पट सांभाळ, गुरे शिरू देऊ नकोस.

चैत्र तापू लागला. दुपारी अंगणातल्या फरशीवर पाय ठरेना. गोंदा पटाकडे बघत बसे. ही अक्काच्या हातची शेवटची वस्तू, आणि ती अशी भाजत पडली आहे. त्याला ते बघवेना. एके दिवशी तो तिरीमिरीत उठला आणि खांद्यावरची घोंगडी त्याने पटावर टाकली. ऊन उतरल्यावर काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकली. मग तो नेमच झाला. आपण काही वाईट करतो आहोत असे त्याला वाटलेच नाही. आजाऱ्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवावी, तसे तो ते करत होता.

सभेचा दिवस आला. ओसरी भरली, अंगणही भरले. कुलगुरूंनी फळी काढली. दोन्ही बाजू डाळिंबाच्या दाण्यासारख्या तांबड्या. लोकांच्या तोंडून समाधानाचा सुस्कारा निघाला. आता घाटावरचे देव विटणार नव्हते. चित्रकार म्हणणार होते, जरा यमुनेचा तांबडा दे रे इकडे. बाजारात, देवळात, परगावी अक्काचे नाव घेतले जाणार होते.

नागेशशास्त्री उठले. ते पटाजवळ गेले. त्याच्या कडा त्यांनी बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपल्या. मग त्यांनी गोंदाकडे पाहिले, आणि मान खाली घालून हळूच म्हणाले, "माझी काही शंका नाही."

शास्त्र्यांना शंका नाही, असे आजवर कधी घडले नव्हते.

गोंदाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अक्काला नेले त्या दिवशी सगळे असेच हळू बोलत होते. जिवंतपणी तिच्याशी असे कुणी बोलले नव्हते, आणि तिलाही ते नको होते. ती वाद घालायची, हरायची, पुन्हा उकळायला बसायची. ही माणसे आज तिच्या रंगाला नव्हे, तिच्या मरणाला मान देत होती. आणि आपण तरी दुसरे काय केले?

कुलगुरूंनी नाव जाहीर करायला हात वर केला. गोंदा उभा राहिला.

"थांबा. या पटानं दुपारचं ऊन बघितलंच नाही. मी घोंगडी टाकत होतो."

शेजारी बसलेल्या एकाने त्याचा सदरा ओढला. "अरे, खुळा आहेस का? बहिणीचं नाव होत होतं."

"नाव होत होतं," गोंदा म्हणाला, "पण ते माझ्या घोंगडीच्या जिवावर."

मग तो मटकन खाली बसला आणि अक्का गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडला. त्याला वाटले, आपण तिला दुसऱ्यांदा मारले.

नागेशशास्त्री त्याच्याजवळ आले. गुडघे धरून त्याच्या शेजारी जमिनीवर टेकले. ते म्हणाले, "मला शंका होती रे. इतकं ऊन खाल्लेलं कापड पिवळं पडतं. याच्या न रंगवलेल्या कडा अजून पांढऱ्याच होत्या. पण म्हटलं, बाई गेल्या, आता कशाला. यमुनाबाईंनी मला शंकेसाठी नेमलं होतं, मायेसाठी नाही. मीही माझं काम केलं नाही."

गोंदाने त्या दिवशी प्रथमच त्या म्हाताऱ्याचा हात धरला.

अक्काच्या मडक्यात थोडा रंग उरला होता. पुढच्या संक्रांतीला त्याने नवा पट रंगवून ताणला आणि त्याच अंगणात ठेवला. राखायला गोंदाच बसला. चैत्र तापला, वैशाख तापला. पटाचा रंग रोज जरा उतरत असल्याचे त्याला दिसत होते. हात घोंगडीकडे जाई. तो हात मांडीखाली दाबून बसे.

सभेत फळी निघाली. झाकलेली बाजू तांबडीभडक होती. उघडी बाजू विटकरी झाली होती. या वेळी नागेशशास्त्र्यांनी एकही शंका शिल्लक ठेवली नाही. तुरटी किती, मुळ्या ओल्या की वाळलेल्या, पाणी विहिरीचे की नदीचे, सगळे उकरून काढले. यमुनाबाईंच्या विद्यार्थिनी उत्तरे देता देता घामाघूम झाल्या. शेवटी ठरले ते असे: हा तांबडा देवळाच्या आत, सावलीत चांगला टिकेल, पण उघड्या घाटावर टिकणार नाही. शोधाला यमुनाबाईंचे नाव मिळाले नाही. गोंदा मान खाली घालून घरी गेला.

बरीच वर्षे गेली. गोंदाचे केस पिकले. नागेशशास्त्री आता नव्हते. एका सभेत एक तरुण आचार्या उभी राहिली. तिने यमुनाबाईंना कधी पाहिलेही नव्हते. तिचा पट उघडला, तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच तांबड्या होत्या, आणि त्याच्या कडा उन्हाने चांगल्या पिवळ्या पडल्या होत्या. शंकाकाराने तिला दमेपर्यंत विचारले. शेवटचा प्रश्न होता, हा मार्ग तुला सुचला कसा.

ती म्हणाली, "यमुनाबाईंचा तांबडा कुठं आणि का फिका पडतो, ते मला ठाऊक होतं. मी तिथून पुढं निघाले."

मागच्या रांगेत बसलेल्या गोंदाने बहिणीचे नाव ऐकले. या वेळी ते कुणी हळू आवाजात घेतले नव्हते.

तात्पर्य: गेलेल्या माणसाचे काम झाकून जपले तर ते तिथेच संपते; पण खऱ्या कसोटीला उभे केले, तर ते कमी पडले तरी पुढच्यांना वाट दाखवते. म्हणून माया करावी, पण सत्यावर पांघरूण घालू नये.