शास्त्रीबुवांची कोपरखळी

हिंगणदऱ्याला गाडीरस्ता नव्हता, आणि दवाखाना हा शब्दही कुणी ऐकला नव्हता, तेव्हाची ही हकिकत. त्या काळी गावात नरहरशास्त्री नावाचे वैद्य होते. बारा वर्षं पैठणला शिकून आलेले. नाडीवर बोट ठेवलं, की रोग्याने परवा काय खाल्लं तेही सांगायचे, असं म्हणतात. पण माणूस भारी धास्तावलेला. रोगी ओट्यावरून उतरला, की हे पुन्हा पोथी उघडून बसत. आपलं चुकलं तर नाही?

गावाची एक रीत होती. वैद्याने तीनदा 'काही नाही' म्हटलं, की दुखणं बाहेरचं ठरायचं आणि रोगी देवऋषीच्या हवाली व्हायचा. देवऋषी दार लावून मिरच्यांची धुरी द्यायचा. मागल्या साली एक सून त्या धुरीत आंधळी झाली. तिच्याबद्दल तीनदा 'काही नाही' म्हणणारे शास्त्रीबुवाच होते. आता तिची काठी रस्त्यावर वाजली, की त्यांच्या हातातला घास हातातच राहायचा.

त्याच गावात ठकू कोष्टीण राहायची. दर बाजारी ती ओट्याशी हजर. कधी खांदा धरलेला, कधी पोटात गोळा, कधी पायाला मुंग्या. नाडी मात्र स्वच्छ, मागावरच्या धोट्यासारखी एका लयीत.

"आज कुठलं दुखणं नेसून आलीस गं?" बाया विचारायच्या.

"नावासारखीच ठक," पुरुष हसायचे.

आधी चूर्ण देणाऱ्या शास्त्रीबुवांनीही गेल्या दोन बाजारी 'काही नाही' म्हणून तिला परत धाडलं होतं.

तिसऱ्यांदा ती एकटी आली नाही. थोरला दीर म्हादबा तिला घेऊन आला, मागे देवऋषी, त्यामागे निम्मा बाजार.

"एकदाचं सांगून टाका, शास्त्रीबुवा," म्हादबा म्हणाला. "माग बंद पडलाय आमचा."

ठकूने डावा हात पुढे केला. "दुखतं हो," एवढंच म्हणाली.

शास्त्रीबुवांनी ओट्याच्या दगडावर कोपर टेकलं आणि नाडी धरली. स्वच्छ. पुन्हा पाहिली. तशीच. वात म्हणून मोकळं व्हावं, असं एकदा मनात आलं, पण तेही खोटंच झालं असतं. मग त्यांनी ठरवलं, खरं काय ते सापडेपर्यंत हा हात सोडायचा नाही.

तो दिवस गेला, दुसरा गेला. ओट्यावरच्या लिंबाची सावली त्या दोघांवरून हलली नाही, असं म्हणतात. ठकू सांगत राहिली, कुठे दुखतं, कसं दुखतं, कधीपासून. मध्ये न तोडता तिचं कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

"बुवा, हात अवघडला असेल तुमचा."

"असू दे. पुढं सांग."

तिसऱ्या दिवशी म्हादबाचा धीर सुटला. "अहो, आहे की नाही काही?"

"आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "दुखणं आहे. मला कळत नाही, एवढंच."

शिकलेल्या वैद्याच्या तोंडून 'कळत नाही' कुणी ऐकलं नव्हतं. देवऋषी हसला. "मग द्या माझ्याकडे."

"मला कळत नाही ते बाहेरचं कशावरून? कळेपर्यंत ती माझी रोगी."

तेवढ्यात काठी वाजली. ती आंधळी सून गर्दीतून वाट काढत आली आणि ठकूला चिकटून बसली. मग ठकूला उठवायला कुणी पुढे झालं नाही.

"पुढच्या बाजारी ये," शास्त्रीबुवा म्हणाले.

"बरं वाटलं तरी?"

"बरं वाटलं तरी ये."

ठकू तीस वर्षं येत राहिली. दुखणं गेलं म्हणणारे आहेत, राहिलं म्हणणारेही आहेत. माग मात्र चालू झाला. शास्त्रीबुवा अखेरपर्यंत त्या दुखण्याचं नाव पोथीत शोधत होते. ते सापडलं नाही.

त्या तीन दिवसांत दगडाला त्यांच्या कोपराएवढा खळगा पडला, असं म्हणतात. गाव त्याला कोपरखळी म्हणतं. हिंगणदऱ्यात आजही दुखणाइताला कुणी 'काही नाही' म्हणत नाही. दवाखान्यात नवा डॉक्टर आला, की बाया त्याला आधी ओट्याकडे नेतात. त्याने खळीत कोपर टेकायचं आणि तीनदा म्हणायचं, "कळत नाही." त्याशिवाय गावात कुणी त्याच्यापुढे हात करत नाही.